जुन्या रिसीव्हरच्या डायलमधले दिवे: बल्बच्या जागी एलईडी बसवताना

डायलच्या डाव्या टोकाला ८८ ते ९४ मेगाहर्ट्झचे आकडे अंधारात गेले, की समजावं, आतल्या पाच दिव्यांपैकी एक गेला. उरलेले चार त्याच वयाचे असतात, त्यामुळे तेही फार दिवस काढत नाहीत. १९७० च्या दशकातल्या रिसीव्हर (ट्यूनर आणि अँप्लिफायर एकाच पेटीत), अँप्लिफायर, ट्यूनर आणि कॅसेट डेकमध्ये ही वेळ कधी ना कधी येतेच. मग तसाच बल्ब पुन्हा लावायचा की एलईडी, हे ठरवावं लागतं. एलईडी लावायचं ठरलं, तर डायल पूर्वी दिसायची तशीच दिसली पाहिजे, आणि माझ्या अनुभवात खरं अवघड काम ते आहे. विजेचं गणित दहा मिनिटांत सुटतं. उजेड जमायला दोन संध्याकाळी जातात.

ही यंत्रं बनली तेव्हा डायल उजळवण्यासाठी फिलामेंटच्या बल्बशिवाय इलाज नव्हता. डोळ्यांना दिसणारा पहिला तांबडा एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ साली जनरल इलेक्ट्रिकमध्ये तयार केला. पुढच्या दशकात तांबडे, पिवळे, हिरवे एलईडी पॅनेलवर दिसू लागले, पण ते एक ठिपका दाखवण्यापुरते. प्रखर निळा एलईडी १९९३ मध्ये निचिया कंपनीतून आला, शुजी नाकामुरा यांच्या कामातून. त्याच निळ्या चिपवर पिवळा फॉस्फर (निळ्या उजेडाचा काही भाग पिवळा करणारा लेप) चढवून पांढरा एलईडी आला तो त्यानंतर. म्हणजे जुन्या सेटच्या डायलमागचा निळा कागद, हिरवा फिल्टर, मीटरच्या तबकडीचा पिवळसर रंग, हे सगळं फिलामेंटच्या तांबूस-पिवळ्या उजेडाला धरून निवडलेलं आहे. मॅरांट्झ कंपनीच्या रिसीव्हरच्या डायलची ती प्रसिद्ध निळाई दिव्यांची नाही. ती दिव्यांपुढच्या निळ्या अर्धपारदर्शक कागदाची आहे. त्या कागदामागे वेगळा उजेड ठेवला की वेगळा निळा दिसतो.

बदलावेच का

माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठं कारण उष्णता. फ्यूजसारख्या आकाराचा, ८ व्होल्ट ३०० मिलिअँपिअरचा डायल लॅम्प २.४ वॅट खातो. असे पाच म्हणजे १२ वॅट, एका अरुंद बंद पेटीत, वर्षानुवर्षं. त्यानेच कागद तपकिरी पडतो, कडेला भाजल्यासारखे डाग येतात आणि प्लॅस्टिकची पेटी स्क्रूच्या भोकांपाशी तडकते. तोच उजेड एलईडीने द्यायला सगळे मिळून अर्धा वॅटही लागत नाही. जुना कागद आणि प्लॅस्टिक टिकवायचं असेल, तर हे कारण मला पुरेसं वाटतं.

पण दुसरा मार्गही प्रामाणिकपणे सांगायला हवा. फिलामेंटचं आयुष्य व्होल्टेजच्या साधारण बाराव्या घाताने बदलतं, उजेड मात्र साधारण साडेतिसऱ्या घाताने. व्होल्टेज फक्त ५ टक्के कमी केलं तर आयुष्य जवळजवळ दुप्पट होतं आणि उजेड साधारण एक षष्ठांशच घटतो. वर सांगितलेल्या दिव्याला मालिकेत १.५ ओहम, अर्ध्या वॅटचा रेझिस्टर जोडला की काम झालं. कागद अजून धडधाकट असेल, एकच दिवा गेला असेल आणि तसे बल्ब मिळत असतील, तर मी स्वतः हेच करतो. डायलचा रंग मग शंभर टक्के जुनाच राहतो.

हात घालण्याआधी

प्लग सॉकेटमधून काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण स्विचपर्यंतच्या तारांत मेन्सचं व्होल्टेज तसंच असतं, आणि हा स्विच बऱ्याचदा डायलच्या दिव्यांपासून हातभरही लांब नसतो.

मोठे फिल्टर कपॅसिटर भरलेले राहू शकतात. १०,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ५० व्होल्टला भरलेला असेल तर त्यावर १ किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड पकडीने मिनिटभर धरा. दर दहा सेकंदांना व्होल्टेज जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यावर येतं. मग मल्टिमीटरने खात्री करा. स्क्रू ड्रायव्हर आडवा टाकून शॉर्ट करण्याची पद्धत सोडून द्या. ठिणगी उडते, कपॅसिटरची टोकं खराब होतात आणि हात घसरला तर आऊटपुट ट्रान्झिस्टरही जातात.

व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) सेटमध्ये आत २५० ते ४५० व्होल्ट डीसी असतं. उघड्या सेटवर काम करण्याची सवय नसेल, तर तो सेट जाणकाराकडेच द्या.

दिवा नुसता दिवा आहे ना?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. जुन्या सर्किटांत बल्ब कधी कधी उजेडाशिवाय दुसरंही काम करत असतो. थंड फिलामेंटचा रोध गरम असतानाच्या साधारण दहावा हिस्सा असतो. तापलं की रोध वाढतो. या गुणाचा उपयोग सर्किट आखणारे मुद्दाम करत. एलईडीत तो गुण नाही.

काही उदाहरणं सांगतो. स्टिरिओ स्टेशन लागल्यावर पेटणारा छोटा दिवा, गव्हाच्या दाण्याएवढा, हा बहुतेक वेळा स्टिरिओ डीकोडरच्या (डावा-उजवा आवाज वेगळा करणाऱ्या) चिपमधल्या ट्रान्झिस्टरने चालवलेला असतो. त्याचं एक टोक डीसी पुरवठ्याला आणि दुसरं चिपच्या पायाला. काही सेटमध्ये त्याच टोकावरून म्यूटिंगसाठी (दोन स्टेशनांमधली खरखर दाबण्यासाठी) किंवा मोनो-स्टिरिओ बदलण्यासाठी इशारा घेतलेला असतो. बल्ब काढला की तो बिंदू लटकता राहतो. काही सेटमध्ये फंक्शनचे दिवे, म्हणजे फोनो (रेकॉर्ड प्लेअर), टेप, एफएम, एकमेकांशी मालिकेत किंवा एखाद्या रेझिस्टरबरोबर मालिकेत असतात आणि तो प्रवाह पुढे दुसरीकडे जातो. काही स्पीकरच्या क्रॉसओव्हरमध्ये (उंच आणि खालचे स्वर वेगळे वाटणाऱ्या सर्किटमध्ये) ट्वीटरला, म्हणजे उंच स्वरांच्या छोट्या स्पीकरला, वाचवण्यासाठी बल्ब मालिकेत टाकलेला असतो. आवाज फार वाढला की तो तापतो, रोध वाढतो आणि ट्वीटर बचावतो. तो बल्ब कधीच एलईडीने बदलायचा नाही. वाइन-ब्रिज ऑसिलेटरमध्ये (चाचणीसाठी स्वच्छ लहर तयार करणाऱ्या सर्किटमध्ये) लहरीची उंची स्थिर ठेवायला बल्बच वापरतात, त्यालाही हात लावायचा नाही.

ट्रान्सफॉर्मर नसलेल्या जुन्या व्हॉल्व्ह रेडिओत ३५डब्ल्यू४ सारखा रेक्टिफायर व्हॉल्व्ह असेल, तर डायलचा दिवा त्याच्या हीटरच्या (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारेच्या) मधल्या टोकावर जोडलेला असतो. तो दिवा हीटरच्या साखळीतला हिस्सा आहे. तिथे ठरलेला ६.३ व्होल्ट १५० मिलिअँपिअरचा बल्बच हवा. शिवाय अशा रेडिओची चॅसिस (आतला धातूचा सांगाडा) थेट मेन्सला जोडलेली असू शकते.

आणि निऑन. पॉवरचा नारिंगी, किंचित लवलवणारा दिवा दिसला तर तो निऑन असण्याची शक्यता मोठी. तो मेन्सच्या व्होल्टेजवर मालिकेतल्या रेझिस्टरसह चालतो. त्या जागी एलईडीचा खटाटोप नको. निऑनच्या जागी निऑन लावा.

कोणता दिवा कोणत्या वर्गात मोडतो हे सर्किट डायग्राम मिळाला तर त्यावरून कळतं. नाही मिळाला, तर माझी पद्धत अशी. सेट बंद करून, प्लग काढून, त्या दिव्याचं एक टोक सोडवा आणि ते नीट इन्सुलेट करा. मग सेट चालू करून सगळं वाजवून बघा. एफएमवर स्टिरिओ येतो का, म्यूटिंग नीट चालतं का, प्रत्येक फंक्शन लागतं का, दोन्ही बाजूंना सारखा आवाज आहे का. काहीच बदललं नाही, तर तो नुसता दिवा आहे. काही बदललं, तर तो सर्किटचा भाग आहे आणि त्याचा वेगळा विचार करावा लागेल.

हे मी एका रिसीव्हरवर न तपासता पुढे गेलो होतो. स्टिरिओ दिव्याच्या जागी तांबडा एलईडी बसवला, झाकण लावून सेट जागेवर ठेवला आणि रात्री बघतो तर मोनो स्टेशनवरही दिवा मंद पेटलेलाच. चिपमधून झिरपणारा अगदी थोडा प्रवाह बल्बला कधीच पेटवू शकला नसता, एलईडीला मात्र तो पुरतो. उपाय सोपा निघाला. एलईडी आणि त्याचा रेझिस्टर यांच्या जोडीला समांतर १ किलोओहमचा रेझिस्टर लावला. अर्धा मिलिअँपिअर झिरपला तरी त्यावर अर्धाच व्होल्ट पडतो, आणि तेवढ्यात तांबडा एलईडी पेटत नाही, त्याला साधारण १.८ ते २ व्होल्ट लागतात. १२ व्होल्टच्या पुरवठ्यावर हा समांतर रेझिस्टर पेटलेल्या वेळी १२ मिलिअँपिअर घेतो, पाव वॅटचा पुरतो. त्या बिंदूवरून म्यूटिंगचा इशारा घेतला असेल, तर या रेझिस्टरमुळे तो लटकत राहत नाही, हा दुसरा फायदा.

मोजणं

बल्बवर छापलेलं किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेलं व्होल्टेज हा फक्त अंदाज समजा. मल्टिमीटरने चार गोष्टी बघा आणि कागदावर लिहा.

दिव्यांना मिळणारा पुरवठा एसी आहे की डीसी. डायलच्या दिव्यांना बहुतेक वेळा ट्रान्सफॉर्मरच्या वेगळ्या वाइंडिंगमधून (तारेच्या वेढ्यांमधून) एसी येतो, निदर्शक दिव्यांना बरेचदा डीसी.

सगळे दिवे लागलेले असताना दिवा धरणाऱ्या क्लिपवरचं व्होल्टेज.

सगळे दिवे काढल्यावर तेच व्होल्टेज. वाइंडिंगवरचा भार गेला की ते चढतं. ८ व्होल्टच्या जागी ८.८ दिसलं तर घाबरू नका. एलईडी एवढा थोडा प्रवाह घेतात की त्यांना हेच चढलेलं व्होल्टेज मिळणार आहे. म्हणून गणितात हाच आकडा घ्यायचा. बरेच लोक इथे चुकतात.

शेवटचं, प्लग काढून, वाइंडिंगच्या प्रत्येक टोकापासून चॅसिसपर्यंतचा रोध. एक टोक चॅसिसला जोडलेलं आहे का, की मधलं टोक जोडलंय, की काहीच नाही, हे कळलंच पाहिजे. का, ते खाली येईल.

गणित

एलईडीला डीसी लागतो. उलट दिशेने त्याला साधारण ५ व्होल्टपर्यंतच सोसतं. ८.८ व्होल्ट एसीचं शिखर १२.४ व्होल्ट असतं, म्हणजे सरळ एसीवर लावला तर दर उलट्या अर्ध्या फेरीत त्याच्यावर मर्यादेच्या दुपटीहून जास्त ताण येतो. मालिकेत एक साधा डायोड टाकून भागवता येतं, पण मग एलईडी ५० हर्ट्झच्या मेन्सवर सेकंदाला ५० वेळाच पेटतो आणि नजर फिरवली की लुकलुक जाणवते. डायलसाठी मी नेहमी ब्रिज (एसीचा डीसी करणारी चार डायोडची जोडणी) आणि कपॅसिटर वापरतो.

आपल्या उदाहरणात १२.४ व्होल्टमधून ब्रिजच्या दोन डायोडचे १.४ व्होल्ट वजा केले की ११ व्होल्ट डीसी उरतो. पांढऱ्या एलईडीवर साधारण ३ व्होल्ट पडतात. दोन मालिकेत घेतले की ६. उरलेले ५ व्होल्ट रेझिस्टरने खायचे. ८ मिलिअँपिअर हवे असतील तर ५ भागिले ०.००८ म्हणजे ६२५ ओहम. त्यावरचा बाजारात मिळणारा आकडा ६८०. प्रवाह साधारण ७.४ मिलिअँपिअर होईल. रेझिस्टरवर चाळीस मिलिवॅटही पडत नाहीत, पाव वॅटचा आरामात पुरतो. अशा पाच जोड्या मिळून ३७ मिलिअँपिअर.

कपॅसिटर १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा घ्या. ३७ मिलिअँपिअरवर लहर ०.४ व्होल्टच्या आतच राहते, डोळ्याला काही कळत नाही. तापमान १०५ अंशांचं लिहिलेला कपॅसिटर घेतलेला बरा, कारण सेटच्या आत गरम असतं.

प्रत्येक जोडीला स्वतःचा रेझिस्टर हवा. सगळ्या जोड्या समांतर करून एकच रेझिस्टर लावला, तर एलईडींच्या व्होल्टेजमधल्या बारीक फरकामुळे एक जोडी जास्त प्रवाह ओढते आणि डायलवर एक भाग उजळ दिसतो.

६.३ व्होल्टच्या वाइंडिंगवरही दोन एलईडी मालिकेत चालतात, पण रेझिस्टरवर जेमतेम दीड ते सव्वादोन व्होल्ट उरतात. मेन्सचं व्होल्टेज वरखाली झालं की उजेड लगेच बदलतो. तिथे एकेक एलईडी आणि मोठा रेझिस्टर हे जास्त स्थिर.

ब्रिजचं उणे टोक

वर मोजलेल्या चौथ्या गोष्टीचा संबंध इथे येतो. दिव्यांच्या वाइंडिंगचं एक टोक किंवा मधलं टोक चॅसिसला जोडलेलं असेल, तर ब्रिजचं उणे टोक चॅसिसला लावायचं नाही. लावलंत तर ब्रिजमधला एक डायोड वाइंडिंगच्या टोकाला थेट शॉर्ट करतो. डायोड जळतो, आणि दिव्यांच्या वाइंडिंगला वेगळा फ्यूज नसेल तर ट्रान्सफॉर्मर तापतो. जुन्या सेटमधला ट्रान्सफॉर्मर गेला तर तसाच दुसरा मिळवणं सगळ्यात कठीण. एलईडीची पूर्ण पट्टी, धन आणि उणे दोन्ही, चॅसिसपासून अलग ठेवा. पट्टीच्या मागची तांब्याची बाजू किंवा सोल्डरची टोकं पत्र्याच्या पेटीला टेकत नाहीत ना, हे चांगल्या उजेडात बघा. मध्ये कॅप्टॉन टेपचा (उष्णता सोसणाऱ्या इन्सुलेशन टेपचा) किंवा जाड प्लॅस्टिकचा तुकडा घाला.

वाइंडिंगला फ्यूज असेल तर तो तसाच राहू द्या.

उजेड जमवणं

आता मुख्य काम. फिलामेंट सगळ्या दिशांना उजेड टाकतो. साधा ५ मिलिमीटरचा एलईडी समोर अरुंद झोत टाकतो, त्यामुळे डायलवर पाच ठळक गोळे आणि मध्ये काळोख दिसतो. चपट्या डोक्याचा, १२० अंशांच्या आसपास फाकणारा एलईडी घ्या. झोत तरीही ठळक वाटला तर डोक्यावरून ४०० नंबरचा पॉलिश पेपर फिरवून ते धुरकट करा. त्याहून चांगला उपाय म्हणजे एलईडी कागदाकडे न वळवता पेटीच्या मागच्या भिंतीकडे वळवायचे. भिंत पांढरी असेल, किंवा तिच्यावर पांढरा कागद लावला, तर उजेड तिच्यावरून परतून एकसारखा पसरतो. माझ्या हाताखालून गेलेल्या बहुतेक डायल अशाच जमल्या. प्रत्येक जुन्या दिव्यामागे एकच एलईडी ठेवण्यापेक्षा पेटीच्या लांबीभर दहा मंद एलईडी ठेवले तर गोळे उरत नाहीत, म्हणूनच वरच्या गणितात दोन-दोनच्या जोड्या घेतल्या.

रंगाचं म्हणाल, तर सुरुवात २७०० ते ३००० केल्विनच्या (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप) उबदार पांढऱ्यापासून करा. थंड पांढऱ्यात निळा जास्त असतो. निळ्या कागदामागे तो जांभळट, टोचणारा दिसतो. पिवळसर तबकडीच्या मीटरमागे तो आजारी हिरवट दिसतो. पण पूर्ण भरवसा कोणत्याच आकड्यावर ठेवू नका, कारण कागदही चाळीस-पन्नास वर्षांत रंग बदलून बसलेला असतो. एखाद्या तपकिरी पडलेल्या निळ्या कागदामागे ४००० केल्विन जास्त जुळेल. दोन-तीन रंगांचे एकेक एलईडी आणा, ९ व्होल्टच्या बॅटरीला रेझिस्टरसह लावा, आणि जुना बल्ब एका बाजूला चालू ठेवून दुसऱ्या बाजूला एलईडी धरून डोळ्यांनी तुलना करा. निळ्या रंगाचे एलईडी निळ्या कागदामागे लावण्याचा मोह टाळा. डायलवरचे आकडे आणि तांबडी सुई दोन्ही मरतात, कारण त्या उजेडात तांबडा रंग नसतोच.

तीव्रता टेबलावर ठरवू नका. कामाच्या प्रखर दिव्याखाली जी डायल बेताची वाटते तीच रात्री अंधारात डोळ्यांत जाते. मी पट्टीच्या मालिकेत १ किलोओहमचा, अर्ध्या वॅटचा बदलता रेझिस्टर तात्पुरता जोडतो, सेट त्याच्या नेहमीच्या जागी नेतो, खोलीतले दिवे मंद करतो, नेहमीच्या खुर्चीत बसतो आणि तिथून ठरवतो. मग सेट बंद करून त्या रेझिस्टरचा रोध मोजायचा आणि तेवढाच कायमचा बसवायचा. जवळजवळ प्रत्येक वेळी आधी वाटलं होतं त्याहून कमी उजेड पुरला आहे.

तयार पट्ट्यांबद्दल. १२ व्होल्टची एलईडी पट्टी दर तीन एलईडींनंतर कापता येते. तिच्या एका तुकड्यात तीन एलईडी मालिकेत असतात, म्हणून साधारण ९ व्होल्टच्या खाली ती नीट पेटतच नाही. आपल्या ११ व्होल्टवर ती पूर्ण तेजाने पेटत नाही, आणि ते बहुधा सोयीचंच पडतं. मोटारीतले दोन टोकांचे एलईडी बल्ब दिसायला डायल लॅम्पसारखे असतात, पण त्यांची टोकं निमुळती असतात आणि ते १२ व्होल्ट डीसीसाठी बनलेले असतात. जुन्या क्लिपमध्ये ते सैल बसतात. मी वापरत नाही.

प्रत्यक्ष बसवणं

उघडताना प्रत्येक टप्प्याला फोटो काढा. डायलचा दोरा (ट्यूनिंगच्या नॉबबरोबर सुई सरकवणारा) कोणत्या चाकावरून किती वेढे घेऊन गेलाय, त्याचा फोटो खास जवळून. तो निसटला तर दिवे बदलण्याचं काम बाजूला राहून तो पुन्हा ओवण्यात दिवस जातो. नॉब सरळ ओढा. निघत नसेल तर मऊ कापडाची पट्टी मागून वेढून ओढा. पुढची ॲल्युमिनियमची पट्टी काढली की ती दुमडलेल्या कापडावर ठेवा.

डायलची काच साफ करायचा मोह होतो. आकडे काचेच्या आतल्या बाजूला छापलेले असतात आणि अल्कोहोलने ते निघून येतात. छापील बाजूवर मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका, बस्स. पुढची गुळगुळीत बाजू ओल्या कापडाने पुसा.

कागद ठिसूळ झाला असेल तर तो ओढून काढू नका. जागेवरच असू द्या. फाटलाच तर तुकडे जपून ठेवा, नव्या कागदाचा रंग जुळवायला तेच लागतात.

आता पट्टी. भोकं असलेल्या सर्किट बोर्डाची अरुंद पट्टी पेटीच्या लांबीएवढी कापा, एलईडी आणि रेझिस्टर तिच्यावर सोल्डर करा, पेटीत दुहेरी चिकटपट्टीने बसवा. गरम गोंद वापरू नका, सेट तापला की तो सुटतो. जुन्या क्लिप कापू नका. माझी आवडती पद्धत अशी: जळालेल्या बल्बाची काच जाड कापडात गुंडाळून, डोळ्यांवर चष्मा लावून फोडायची, दोन्ही धातूच्या टोप्या साफ करायच्या, आणि त्यांच्यात पट्टीकडे जाणाऱ्या तारा सोल्डर करून मध्ये तेवढ्याच लांबीची प्लॅस्टिकची नळी घालायची. ही जोडणी मूळ क्लिपमध्ये बल्बासारखीच बसते. उद्या कुणाला पुन्हा बल्ब लावायचे असतील, तर ती काढली की सेट जसाच्या तसा. क्लिप काळ्या पडल्या असतील तर बारीक पॉलिश पेपरने घासून घ्या.

ब्रिज आणि कपॅसिटर मात्र पेटीत ठेवू नका. ते ट्रान्सफॉर्मरकडून तारा येतात त्या बाजूला, श्रिंक ट्यूबमध्ये (तापवल्यावर आकसणाऱ्या नळीत) बंद करून, मूळ वायरिंगला बांधा. दोन्ही तारा एकमेकींभोवती पिळून घ्या आणि फोनो प्रीअँपच्या पट्टीपासून लांब न्या. कपॅसिटर भरताना ब्रिजमधून प्रवाहाचे धक्के जातात, आणि त्यांचीच भुणभुण फोनोत किंवा एएमवर ऐकू येते. ब्रिजच्या आधी मालिकेत १० ओहमचा रेझिस्टर आणि ब्रिजच्या एसी टोकांवर ०.०१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर, एवढ्यावर बहुतेक सेट शांत राहतात. तयार एलईडी बल्बांत कधी कधी स्विचिंग ड्रायव्हर असतो. एएम ऐकणाऱ्याने ते टाळावेत.

व्हीयू मीटरला (आवाजाची पातळी दाखवणाऱ्या काट्याच्या मीटरला) फार जपा. मीटरच्या आत लोहचुंबक आहे, म्हणून बोर्ड कापणं, घासणं, पत्र्याला भोक पाडणं हे काम दुसऱ्या टेबलावर करा. लोखंडाचा एक कण आत गेला की काटा तिथेच अडकतो. पुढचं प्लॅस्टिक कोरड्या कापडाने घासलं तर स्थिर वीज साठते आणि काटा वरच लटकून राहतो. किंचित ओलसर कापडाने पुसलं की उतरतो. दोन मीटर असतील तर दोघांचे एलईडी एकाच पाकिटातले घ्या, नाहीतर डावा आणि उजवा रंगाने वेगळे दिसतात.

सुईबरोबर सरकणारा तांबडा दिवा असेल, तर त्याच्या बारीक लवचिक तारा बदलू नका. ३ मिलिमीटरचा तांबडा एलईडी आणि रेझिस्टर, पण रेझिस्टर सुईवर नाही, तारांच्या स्थिर टोकाला. सुईवर वजन वाढलं की दोरा घसरतो. सुईला एसीच येत असेल, तर ती तार ब्रिजनंतरच्या डीसीला जोडून घ्या.

चालू करताना

झाकण लावण्याआधी सगळी सोल्डरिंग भिंगातून बघा. पहिल्यांदा चालू करताना मल्टिमीटर कपॅसिटरवर डीसी मापनावर लावून ठेवा. आपल्या हिशोबाच्या आसपास आकडा आला पाहिजे. खूप कमी आला तर लगेच बंद करा, कुठेतरी पट्टी चॅसिसला टेकली आहे. आकडा बरोबर असेल तर दहा मिनिटांनी सेट बंद करा, प्लग काढा आणि मगच ब्रिजला आणि रेझिस्टरना बोट लावून बघा. कोमट लागले तर ठीक, चटका बसला तर हिशोब पुन्हा तपासा.

मग फोनोवर, रेकॉर्ड न लावता, आवाज बराच वाढवून भुणभुण ऐका. एएमवर दोन स्टेशनांच्या मधल्या जागी ऐका. एफएमवर स्टिरिओ आणि मोनो, म्यूटिंग चालू आणि बंद. हे सगळं आधी दिवे असताना कसं होतं ते लिहून ठेवलं असेल, तर तुलना करता येते, म्हणून ती नोंद उघडण्याआधीच करायची असते. सेट दोन तास चालू ठेवा आणि खोली अंधारी करून पुन्हा खुर्चीत बसा.

उरलेले जुने बल्ब छोट्या पाकिटात घाला. एका चिठ्ठीवर तारीख, मोजलेलं व्होल्टेज, एलईडीचा रंग, रेझिस्टर किती ओहमचा आणि ब्रिज कुठे बांधला आहे ते लिहा. पाकीट आणि चिठ्ठी झाकणाच्या आतल्या बाजूला, ट्रान्सफॉर्मरपासून लांब, टेपने चिकटवा आणि मग झाकण बंद करा.